रेडियमचा जबडा

1917 साली अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात ऑरेंज या गावी घड्याळांच्या तबकड्यांना अंधारात चमकणारा रंग लावण्याचा कारखाना सुरू झाला. पहिले महायुद्ध चालू होते आणि रात्रीच्या काळोखात वेळ दिसणारी घड्याळे सैन्याला हवी होती. रंगाचे नाव ‘अनडार्क’. झिंक सल्फाइडच्या भुकटीत कणभर रेडियम मिसळायचे आणि ते डिंकाच्या पाण्यात कालवायचे. तबकडीवरचे आकडे बारीक असत आणि ब्रशाचे केस चार रेघा ओढल्या की पसरत. त्याला पुन्हा टोक आणायचे तर तो ओठांत धरून फिरवायचा, असे नव्या मुलींना शिकवले जाई. दिवसाला दोन-अडीचशे तबकड्या, मजुरी नगावर. दर वेळी रंगाचा थोडासा अंश जिभेवर उतरे आणि पोटात जाई. कोणी काळजी केली नाही, कारण रेडियम त्या काळी शक्तिवर्धक म्हणून बाटलीतून विकले जात होते. काही मुली गंमत म्हणून दातांना आणि नखांनाही रंग लावत.

मॉली मॅजिया ही त्यांतलीच एक. तिची दाढ दुखू लागली म्हणून काढली, पण खड्डा भरून येईना. शेजारचा दात काढला, तिथेही तेच. हिरड्या सडू लागल्या, पू येऊ लागला. दातांचे डॉक्टर जोसेफ नेफ यांनी एकदा जबड्याला हलकेच बोट लावले, तर हाडाचा तुकडाच निखळून त्यांच्या हाती आला. सप्टेंबर 1922 मध्ये ती वारली तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले उपदंश. 1927 मध्ये तिचे शव उकरून काढले; हाडे किरणोत्सारी निघाली आणि उपदंशाचा मागमूसही सापडला नाही.

जबडा कुजण्याचा एक व्यवसायजन्य रोग डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता. काडेपेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी कामगारांचे जबडे असेच झडत. त्यामुळे सुरुवातीला संशय फॉस्फरसवर गेला; पण रंगात तर तो नव्हताच. 1924 मध्ये न्यूयॉर्कचे दंतवैद्य थिओडोर ब्लूम यांनी जबड्याच्या हाडाच्या दाहावरील आपल्या निबंधात एका तळटीपेत ‘रेडियम जॉ’ असा शब्द वापरला. इतका मोठा शोध तळटीपेत यावा, हे वैद्यकाच्या इतिहासातले एक नवलच. पुढच्याच वर्षी एसेक्स परगण्याचे वैद्यकीय अधिकारी हॅरिसन मार्टलंड यांनी या मुलींच्या उच्छ्वासात आणि मृत कामगारांच्या हाडांत किरणोत्सार मोजून दाखवला.

हे घडते कसे? रेडियम आवर्तसारणीत कॅल्शियमच्याच घरातले. शरीर ते कॅल्शियम समजून हाडांत साठवते. तिथून निघणारे अल्फा कण मिलिमीटरच्या काही शतांश भागापलीकडे जात नाहीत, पण तेवढ्या टापूत हाडाच्या पेशी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या मारून टाकतात. मार सगळ्याच हाडांना बसतो. जबडा आधी बोलतो, कारण त्यावर हिरडीचे पातळ अस्तर तेवढे असते आणि दातांच्या मुळांशी जंतू कायम टेकलेले असतात. दात काढला की रक्त आटलेले हाड उघडे पडते. मांडीच्या हाडाला अशी उघडी खिडकी नसते.

कंपनीने 1924 मध्येच हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर यांच्याकडून पाहणी करवून घेतली होती. त्यांचा अहवाल प्रतिकूल आला, तेव्हा तो दाबून सरकारला गोड रूप सादर केले गेले. या प्रकरणातली खरी लाज इथे आहे. तबकड्या रंगवणाऱ्या ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी कंपनीवर दावा लावला. 1928 मध्ये प्रत्येकी 10,000 डॉलर रोख आणि वर्षाला 600 डॉलर अशी तडजोड झाली. रंगाचा जनक सॅबिन फॉन सोखोत्स्की त्याच वर्षी रेडियमनेच मेला. 1932 मध्ये रेडियमच्या पाण्याच्या बाटल्या रिचवणारा गर्भश्रीमंत उद्योगपती एबेन बायर्स जबडा गमावून मेला, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. 1941 मध्ये शरीरात किती रेडियम चालेल याची पहिली मर्यादा ठरली ती 0.1 मायक्रोग्रॅम, आणि तिच्यामागे या बायकांच्याच हाडांचे आकडे होते.

बाहेरून दिलेल्या किरणांनीही जबडा असाच मरतो, हे कर्करोगाच्या उपचारांत दिसत होते. क्लॉद रेगो यांनी 1922 मध्येच ते नोंदले. 1983 मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी त्याचे सूत्र मांडले: किरणांनंतर हाडात रक्तवाहिन्या कमी, पेशी कमी, प्राणवायू कमी, जखम भरायला सामानच उरत नाही. जबडा मरण्याच्या आधीच, उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, चव जाते. लाळेच्या ग्रंथी कोरड्या पडल्या की लाळेचे संरक्षण गेलेले दात झपाट्याने किडतात. तंबाखूने तोंडाचे कर्करोग उदंड असलेल्या महाराष्ट्रात म्हणूनच रेडिएशन सुरू होण्यापूर्वी दात तपासून घेतात, खराब दाढा आधीच काढतात आणि खड्डे भरायला दोन-तीन आठवडे देतात.

रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1,600 वर्षे आहे. ऑरेंजच्या त्या मुलींबरोबर पुरलेल्या रेडियमपैकी शंभर वर्षांत जेमतेम चार टक्के विरले आहे.