जुन्या हार्ड डिस्कसाठी अडॅप्टर

बंद पडलेल्या संगणकातून काढलेली हार्ड डिस्क चालू संगणकाच्या यूएसबी पोर्टला जोडून तिच्यातील फाइली वाचण्यासाठी वापरले जाणारे जोडसाधन. संगणक गेला म्हणजे डिस्कही गेली असे अनेक जण धरून चालतात आणि घरातले फोटो, प्रबंधाची टिपणे, दुकानाचे हिशेब भंगारात जातात. मदरबोर्ड किंवा एसएमपीएस जळाला तरी डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. कोणता अडॅप्टर घ्यायचा हे डिस्कचा जोड आणि तिला लागणारी वीज या दोन गोष्टींवर ठरते. म्हणून डिस्क हातात घेऊन तिची मागची कड व लेबल नीट पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

जोड : आयडीई हा जोड वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी 1986च्या सुमारास पुढे आणला. 2003 पासून साटाने त्याची जागा घेतली. साटा ओळखणे सोपे आहे : एल आकाराच्या दोन चपट्या खाचा, 7 संपर्कांची डेटासाठी आणि 15 संपर्कांची विजेसाठी. लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हींच्या साटा डिस्कवर हा जोड सारखाच असतो. आयडीईत मात्र दोन आकार आहेत. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला 40 पिनांची रांग आणि शेजारी विजेचा चार पिनांचा मोलेक्स जोड असतो. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला 44 बारीक पिना असतात आणि वीज त्यांतूनच जाते.

या 44 पिनांपाशी घाई करू नये. त्यांच्या पुढे थोडी जागा सोडून आणखी चार पिना असतात. त्या जंपरच्या, म्हणजे डिस्कची भूमिका ठरवण्याच्या. अडॅप्टरचे तोंड एका जोडीने जरी सरकून बसले तरी वीज भलत्याच पिनेत जाते. 20 क्रमांकाची पिन मुद्दाम गाळलेली असते, तिची जागा अडॅप्टरवरील बुजवलेल्या भोकाशी जुळवून मगच दाबावे. पिन वाकली असेल तर बारीक चिमट्याने हळूहळू सरळ करावी.

वीज : अडीच इंची डिस्क 5 व्होल्टवर चालते, तिला बहुधा यूएसबीची वीज पुरते. पण यूएसबी 2.0 पोर्ट प्रमाणानुसार 500 मिलिअँपिअर देतो आणि थांबलेली तबकडी फिरू लागताना गरज त्याहून जास्त असू शकते. डिस्क फिरायला लागून थांबते, पुन्हा फिरते, संगणकाला मात्र दिसत नाही, अशा वेळी दोन यूएसबी टोकांची वाय केबल किंवा 900 मिलिअँपिअर देणारा यूएसबी 3.0 पोर्ट वापरावा. साडेतीन इंची डिस्कला 5 व्होल्टबरोबर 12 व्होल्टही लागतात. यूएसबी ते देत नाही. म्हणून अशा डिस्कसाठी भिंतीच्या प्लगला लागणारा वेगळा वीजपुरवठा असलेलाच संच घ्यावा, आणि तो 12 व्होल्टवर किमान 2 अँपिअरचा असावा. स्वस्त संचांत इथेच काटकसर केलेली आढळते. मोलेक्सच्या दोन कडा तिरक्या कापलेल्या असतात. जोर लावून तो उलटा बसवला तर 5 व्होल्टच्या वाटेवर 12 व्होल्ट जातात आणि डिस्कचा सर्किट बोर्ड जळतो.

साडेतीन इंची आयडीई डिस्क दिसली नाही तर जंपर तपासावा. बहुतेक अडॅप्टरना डिस्क ‘मास्टर’वर लागते, वेस्टर्न डिजिटलच्या अनेक डिस्कवर एकट्या डिस्कसाठी ‘सिंगल’ अशी निराळी मांडणी असते. आकृती लेबलवरच छापलेली असते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीच्या, काहीशे मेगाबाइटच्या डिस्क अडॅप्टरमधील बऱ्याच ब्रिज चिपना ओळखताच येत नाहीत. अशा वेळी आयडीई पोर्ट असलेला जुना संगणक शोधणे हाच खरा उपाय.

वेगाच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. यूएसबी 2.0वर सेकंदाला सुमारे 30 मेगाबाइट मिळाले तरी 80 गिगाबाइटची डिस्क पाऊण तासात वाचून होते.

अडॅप्टरने न सुटणाऱ्या अडचणी : काही बाहेरच्या यूएसबी डिस्कच्या आतल्या बोर्डावर साटा जोड नसतोच, यूएसबीच जडवलेला असतो. काहींच्या बोर्डावरील चिप डेटा कूटबद्ध करते. अशी डिस्क पेटीतून काढून साध्या केबलला लावली तर काहीच वाचता येत नाही.

चालू डिस्क जोडल्यावर विंडोज कधी कधी ती फॉरमॅट करायची का असे विचारते. तिथे नाहीच म्हणावे. डिस्क मॅक किंवा लिनक्सची असेल, तर विंडोजला तिची रचना कळत नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. टकटक किंवा खरखर असा आवाज आला तर वीज तत्काळ काढावी. वाचणारे मुंडके बिघडले असताना पुन्हापुन्हा चालू केल्याने तबकडीवर चरे पडतात आणि मग प्रयोगशाळेलाही फारसे हाती लागत नाही. आवाज नाही, पण वाचताना अडखळते, अशा डिस्कवरून एकेक फाइल ओढण्याऐवजी जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या प्रणालीने आधी संपूर्ण प्रतिमा घ्यावी. ती सोपे भाग प्रथम वाचते, अडलेले मागे ठेवते आणि कुठवर आलो याची नोंद राखते.

मराठी फाइली : छापखाने, नियतकालिके आणि डीटीपी करणाऱ्यांच्या जुन्या डिस्कवर पेजमेकरमधील मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतो. हे फॉन्ट युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. नव्या संगणकावर तो मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि फाइल बिघडली असे समजून ती पुसली जाते. ती बिघडलेली नसते. म्हणून मजकुराबरोबर त्याच डिस्कवरील विंडोजच्या फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही उचलावा. फॉन्टचे नाव कळले की त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.