शाळेचं दार आणि कॉलेजचा उंबरठा

मंडळी, आज आपल्याला एका साध्या शब्दाचा इतिहास बघायचा आहे. शब्द आहे 'व्यक्ती'. अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली. कायद्याचं समान संरक्षण तिनं केवळ नागरिकांना नव्हे, तर राज्याच्या अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येक व्यक्तीला दिलं. आपल्या घटनेच्या कलम १४ मध्येही नागरिक नाही, व्यक्तीच आहे. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही सांगत असू की एका शब्दावर अख्खा युक्तिवाद उभा राहतो. इथं तर मुलांची आयुष्यं उभी राहिली.

१९७५ साली टेक्सासनं कायदा केला : कागदपत्रांविना देशात आलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना राज्याचा पैसा मिळणार नाही. १९७७ मध्ये टायलर गावच्या शाळा-मंडळानं अशा मुलांना वर्षाला १,००० डॉलर फी लावली. मजुरी करणाऱ्या मेक्सिकन आईबापांना हे कुठून परवडणार? चार कुटुंबं कोर्टात गेली. नाव फुटलं तर हद्दपारी, म्हणून दाव्यात 'डो' हे टोपणनाव. सुनावणी पहाटे सहाला ठेवली होती. परत घरी जाता येईल याची खात्री नव्हती, म्हणून सामान गाडीत भरूनच माणसं कोर्टात आली.

१५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा मुद्दा असा, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा लेकरांना देणं न्यायाला धरून नाही. शाळेचं दार उघडलं. पण बारावीपर्यंतच!

पुढं काय? सरकारी विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्याला स्थानिकापेक्षा कितीतरी जास्त फी, आणि केंद्राची आर्थिक मदत तर नाहीच. गंमत बघा, २००१ मध्ये वाट काढली ती टेक्सासनंच. राज्यात तीन वर्षं राहून तिथल्या हायस्कुलातून उत्तीर्ण झालेल्यांना स्थानिक फी लागू केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानंही तसा कायदा केला. मात्र पदवी हातात आली, तरी नोकरीची परवानगी नाही. त्यासाठी 'ड्रीम' विधेयक २००१ मध्येच आलं. डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये ५५ मतं पडली. हवी होती ६०. मग १५ जून २०१२ला, टायलरच्या निकालाला बरोबर तीस वर्षं होताना, ओबामांनी 'डाका' योजना जाहीर केली. दोन-दोन वर्षांची सवलत, कामाचा परवाना. कायम निवास मात्र नाही. आणि जून २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या दाव्यानंतर टेक्सासची फी-सवलतही कोर्टानं थांबवली. राज्यानं आपल्याच कायद्याचा बचाव केला नाही.

हे सगळं मेक्सिकोचं, आपल्याला काय, असं वाटेल. पण एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मराठी घरांतली मुलंही २१ वर्षांची झाली की आईबापांच्या व्हिसाची सावली संपते. ग्रीन कार्डाची रांग दशकांची. ही मुलं कायदेशीर आली, म्हणून 'डाका'तही बसत नाहीत.

तेव्हा प्रश्न असा : ज्या मुलाला आपण बारा वर्षं 'व्यक्ती' म्हणून शिकवलं, ते तेराव्या वर्षी कोण होतं? कायद्यानं याचं उत्तर अजून दिलेलं नाही. मुलं मात्र थांबत नाहीत. ती मोठी होतात.