भयानक रस आणि जबलपूरचे दप्तर

भरताने ज्या आठ रसांची गणना केली त्यांत भयानकाला हक्काचे स्थान आहे. मराठी समीक्षेत मात्र ते नाममात्र उरले आहे. शृंगार, करुण आणि वीर यांच्या चर्चेने ग्रंथ भरले. भयानकाच्या वाट्याला लक्षण, एक उदाहरण आणि पुढे प्रस्थान एवढेच आले. नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांची पुस्तके ग्रंथालयांतून फाटेपर्यंत वाचली गेली, तरी वाङ्मयेतिहासात त्यांची बोळवण बहुधा ‘रंजनपर’ या एका विशेषणाने होते. या उपेक्षेच्या मुळाशी एक समजूत आहे. भयकथा हा विलायतेहून आलेला माल आहे, जुने किल्ले, भुयारे आणि फडफडत्या मेणबत्त्या यांची ती उसनवारी आहे, आपल्या मातीत तिला मूळ नाही, अशी ती समजूत. ती तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात मी महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, जबलपूरकडे जाणार आहे. तसे का करावे लागते हे पुढे स्पष्ट होईल.

उसनवारीचा भाग प्रथम मान्य करू. होरेस वॉलपोल याची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी 1764 साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती एका जुन्या इटालियन हस्तलिखिताचे भाषांतर असल्याची बतावणी त्याने केली होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपले नाव उघड केले आणि कथेला ‘गॉथिक’ हे विशेषण जोडले. या बतावणीकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. गॉथिक कथा जन्मतःच ‘सापडलेला कागद’ म्हणून आली. भीतीवर विश्वास बसावा म्हणून तिला दप्तराचा आधार लागला. अॅन रॅडक्लिफची ‘उडॉल्फो’ (1794), मेरी शेलीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ (1818) आणि शतकाच्या अखेरीस आलेला ‘ड्रॅक्युला’ (1897) हा पुढचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘ड्रॅक्युला’ तर सबंधच रोजनिश्या, पत्रे आणि कात्रणे यांची जुळणी आहे.

आता आपल्याकडे पाहावे. वॉलपोलच्या सुमारे हजार वर्षे आधी विदर्भातील पद्मपूरचा भवभूती ‘मालतीमाधव’ लिहून गेला. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन आहे. या प्रकरणाच्या पाचव्या अंकात काय नाही? रात्रीचे स्मशान आहे, प्रेमात हताश होऊन भुतांना नरमांस विकू पाहणारा नायक आहे, करालेचे देऊळ आहे, बळीसाठी आणलेली नायिका आहे, खड्ग उगारलेला अघोरघंट आहे आणि गुरूच्या वधाचा सूड मनात धरणारी कपालकुंडला आहे. युरोपीय गॉथिकाने पुढे जी सामग्री जमवली ती जवळजवळ सगळी येथे एका अंकात आहे. तरीही मम्मटाने या अंकातील श्लोक उद्धृत केला तो बीभत्साचे उदाहरण म्हणून. भयानकासाठी त्याने निवडला तो ‘शाकुंतला’तील, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून पळणारा हरिण. ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. आमच्या काव्यशास्त्राच्या दृष्टीने भयाचे अधिष्ठान स्मशानात नाही, भुतात नाही. ते पाठलाग होणाऱ्या प्राण्याच्या ठिकाणी आहे, आणि पाठलाग करणारा राजा आहे.

मिराशींचे नाव आले तेव्हा त्यांच्याच बोटाला धरून भेडाघाटास जावे. कलचुरी नृपतींचे कोरीव लेख त्यांनी संपादित केले (1955), आणि त्या नृपतींची राजधानी त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर. तेथून जवळच, नर्मदेच्या काठी टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार, छत नसलेले देवालय आहे. नावात चौसष्ट असल्या तरी कोनाडे एक्याऐंशी आहेत. अनेक मूर्तींच्या पीठांवर नावे कोरलेली आहेत आणि बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत. इंग्रज प्रवाशाला येथे गॉथिक अवशेष दिसला असता. भाविक मात्र मधल्या गौरीशंकराचे दर्शन घेऊन खाली उतरतो. आपल्याकडे भयंकराला पूजेचे आणि कर्तव्याचे स्थान दिले गेले, हा येथला खरा भेद आहे. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री शिवेवर फिरतो म्हणून त्याला वहाणा वाहतात. ज्याच्या वहाणा झिजतात ते भूत परके कसे म्हणावे? सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली तेव्हा वाचकाला तो वेताळ घाबरवणारा वाटण्यापेक्षा न्याय विचारणारा वाटला असेल, तर त्याचे कारण हेच.

मग आधुनिक अर्थाने गॉथिक भय या भूमीत केव्हा उतरले? माझ्या मते ते कादंबरीतून उतरण्यापूर्वी सरकारी कागदांतून उतरले, आणि ते कागद जबलपुरात तयार झाले.

मराठ्यांची सत्ता जाऊन सागर-नर्मदा प्रदेश कंपनीकडे आला त्यानंतर काही वर्षांनी विल्यम स्लीमन हा अधिकारी जबलपूरच्या शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता (1822–24). पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले की, आपल्या जिल्ह्यात साधी चोरीदेखील आपल्याला कळल्यावाचून होत नाही असा त्या काळी आपला समज होता. प्रत्यक्षात कचेरीपासून काही शे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती, आणि जवळच्याच मंदेसूरच्या आमराईत मारलेल्या प्रवाशांची प्रेते पुरलेली होती. हा परिच्छेद एखाद्या निष्णात कादंबरीकाराने लिहावा तसा आहे. आमराईची सावली, विसाव्याला बसलेले वाटसरू, आणि पायांखाली मृतांची वस्ती! भुयार नाही, मनोरा नाही. उजेडातली, ओळखीची, रोजची जागाच एकाएकी अनोळखी होते. गॉथिकाचे मर्म याहून वेगळे ते काय?

स्लीमनने 1836 साली ठगांच्या गुप्त बोलीचा कोश ‘रामासियाना’ या नावाने प्रसिद्ध केला. त्याची सामग्री माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांची होती. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला अधिकारी. त्याने अशा जबान्यांच्या आधारे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 मध्ये प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली एका साहेबापुढे बसून आपल्या खुनांची हकीकत सांगतो. टेलरने स्लीमनचा तो आमराईचा उतारा आपल्या प्रस्तावनेत घेतला आहे. वॉलपोलला जे हस्तलिखित कल्पावे लागले ते टेलरला सरकारी दप्तरात आयते मिळाले. याच टेलरने पुढे ‘तारा’ (1863) ही अफझलखानाच्या काळातील मराठी जीवनावरची कादंबरी लिहिली. पण त्याची कीर्ती राहिली ती अमीर अलीमुळे, आणि ते योग्यच आहे. अमीर अली हसतमुख आहे, मैत्रीला जागणारा वाटतो, सोबत्याशी गप्पा मारीत चालतो. आणि तंबाखू आणण्याची साधी हाक पडताच रुमाल आवळला जातो. आतिथ्य आणि मृत्यू यांमधले अंतर एका शब्दाचे असावे, ही कल्पना ज्याला सुचली वा जबानीतून मिळाली, त्याच्या हाती भयानक रसाची किल्ली होती.

परंतु येथेच समीक्षकाने थांबून विचारले पाहिजे की ही भीती कोणाची. प्रवासी मारले जात होते यात संशय नाही. त्यांची भीती खरी होती. पण 1836 च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असणे, मग ते कायद्यापूर्वीचे का असेना, एवढाच जन्मठेपेला पुरेसा अपराध ठरवला. विशिष्ट खून, विशिष्ट दिवस यांची गरज उरली नाही. साक्ष देणारा स्वतः बंदी होता आणि त्याचा जीव त्याच्या कथनावर टिकून होता; म्हणजे शहरजादेचीच अवस्था. जबलपुरात अशा साक्षीदारांची वसाहत झाली, त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली, तेथे तंबू आणि गालिचे तयार होऊ लागले. ठगी हा कालीउपासकांचा अखिल भारतीय गुप्त पंथ होता हे चित्र कितपत खरे आणि कितपत प्रशासनाच्या कल्पनेने रंगवलेले, यावर अलीकडच्या इतिहासकारांनी कसून वाद घातला आहे. किम वॅग्नर यांनी 2007 च्या आपल्या ग्रंथात टोळ्या खऱ्या मानून पंथाची भव्य मांडणी नाकारली, हा मला समतोल निष्कर्ष वाटतो. वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाचे ते असे, की गॉथिकाची वृत्ती येथे शासनाचे साधन झाली. वंशपरंपरेने चालत आलेला शाप ही ओट्रँटोच्या कथेची मध्यवर्ती कल्पना. तीच 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात कलमांच्या भाषेत आली आणि जन्मच पुरावा ठरला.

मराठी कादंबरीने या सगळ्यापासून काय घेतले? फारच थोडे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (1861) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (1868) या अद्भुतरम्य परंपरेत अपहरणे आहेत, बंदिवास आहेत, दुष्ट आहेत. पण शेवट गोड होणार ही हमी पहिल्या पानापासून असल्याने भय मुरत नाही. रिसबुडांनी प्रस्तावनेत दिलेले कारण मोठे उद्बोधक आहे. आपल्या हिंदूंच्या नित्य आयुष्यात, विशेषतः विवाहाच्या रीतीमुळे, मनोवेधक असे काही घडतच नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हे वाचून आज आश्चर्य वाटते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 सालीच विधवांच्या हालांची कहाणी सांगून चुकले होते! भयाचे घर शोधीत लेखक दूरच्या राजधानीत भटकत होते आणि ते घर त्यांच्याच माजघरापलीकडे होते.

ते दाखवले हरिभाऊ आपट्यांनी. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी वास्तववादाचा पाया म्हणून आपण शिकवतो. भयकथा म्हणून ती कोणी वाचली आहे का? शंकरमामंजींचा वाडा उडॉल्फोच्या किल्ल्याहून कमी अंधारा नाही. बंद दारे आहेत, धर्माचे सोंग आहे, जिच्या ओरडण्याला उत्तर मिळत नाही अशी स्त्री आहे. यमुनेच्या केशवपनाच्या प्रसंगात भूतखेत काही नाही, आणि तरी मराठी कादंबरीत त्याहून भयानक प्रसंग मला आठवत नाही. मम्मटाचा हरिण येथे घरात कोंडलेला आहे.

यानंतरची मोठी झेप धारपांची. त्यांनी पाश्चात्त्य कथानके मोकळेपणाने घेतली. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ उभी आहे हे उघड आहे. दोष द्यायचा तर उसनवारीचा द्यावा. परंतु परक्या पिशाचाला मराठी गावात वस्ती देताना त्या गावाचे संथ, परस्परांना ओळखणारे जीवन त्यांनी ज्या धीराने उभे केले ते भाषांतरकाराचे काम नव्हे. मतकरींनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या गूढकथेला वाडाही लागत नाही. चाळीची खोली, नोकरदाराचे कुटुंब, एखादे लहान मूल पुरते. भय अवशेषांतून निघून राहत्या घरात आले, हे मराठी भयकथेचे स्वतःचे अर्जित होय. जबलपूरच्याच पूर्वेची रांझी पाहावी. तोफगाड्यांचा कारखाना (1904) आणि खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना (1942) यांच्या आसपास वाढलेली ही कामगारवस्ती. योगिनींचे देऊळ आणि मदनमहालाची गढी तिच्यापासून दूर, शहराच्या दुसऱ्या अंगाला. टेलरला अशा वस्तीत कथा दिसली नसती. मतकरींना पहिल्याच क्वार्टरमध्ये दिसली असती.

आणि अमीर अलीचे काय झाले? त्याची कबुली साहेबाने लिहून घेतली होती. तिला उत्तर मराठीतून यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 साली आले आणि 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातीतला माणूस प्रथमपुरुषी एकवचनात स्वतःची हकीकत सांगतो. साहेब समोर नाही, माफीची अट नाही. रात्री-अपरात्री दारावर पडणारी पोलिसांची थाप, झडती, बेदम मार आणि मुलांच्या अंगाला भिनलेली धास्ती ही त्यातली दृश्ये आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचतो. त्यांत भय कोणाच्या ठिकाणी आहे आणि रथावर कोण आहे, हे मात्र रसचर्चेत अजून कोणी मांडलेले नाही.