यादीतले आपले नाव

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनी आपण थोरामोठ्यांचे स्मरण करतो. ज्यांच्यामुळे मतदानाच्या दिवशी आपल्या बोटाला शाई लागते, त्या स्त्रियांचेही स्मरण या निमित्ताने करावे असे मला वाटते.

मताचा हक्क स्वातंत्र्याबरोबर आयताच पदरात पडला, असे पुष्कळ जणी समजतात. तसे नाही. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले, तेव्हा सरोजिनी नायडू यांच्या पुढाकाराने स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. पुरुषांप्रमाणे आम्हांसही मत द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे नेमलेल्या साउथबरो समितीने ती नाकारली. म्हणून १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आपली लेक मिठन हिच्यासह लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. हीच मिठन पुढे बॅरिस्टर झाली.

पार्लमेंटने अखेर निर्णय प्रांतांवर सोपविला. १९२१ मध्ये प्रथम मद्रासने व त्याच वर्षी मुंबईने स्त्रियांना मत दिले. आपल्याकडील या चळवळीत सेवासदनाच्या रमाबाई रानडेही झटल्या. परंतु हे मत मालमत्ता असणाऱ्या, कर भरणाऱ्या थोड्याच स्त्रियांचे होते. १९३५ च्या कायद्याने संख्या वाढून सुमारे ६० लाख झाली, तरी गरीब, निरक्षर बाई बाहेरच राहिली. राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली, आणि मगच बंगलेवाली व तिच्याकडे धुणेभांडी करणारी या दोघींच्या मताचे मोल एक झाले. ही घटना करणाऱ्या सभेत हंसाबाई मेहता यांच्यासह १५ स्त्रिया होत्या.

तरीही एक अडचण उरलीच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करणारे लोक दारोदार गेले, तेव्हा विशेषतः उत्तरेकडील कित्येक बायकांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच लिहून घेण्यात आले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद नाही, असे ठरविले, आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून गळल्या. हक्क होता, पण नाव नव्हते!

आज आपण नाव सांगायला लाजत नाही. पण नवी सून घरात आली की रेशनकार्डावर तिचे नाव चढविण्याची जेवढी घाई होते, तेवढी मतदार यादीसाठी होते काय? तिचे नाव माहेरच्या गावी राहते आणि मत वाया जाते. १९८९ पासून मताचे वय २१ ऐवजी १८ झाले आहे. आपल्या लेकींचीही नावे पाहिली पाहिजेत.

त्या थोर स्त्रियांचे पांग आपल्याने फिटणार नाहीत. पण प्रत्येकीने आपल्या घरातल्या बायकांची नावे यादीत आहेत की नाहीत एवढे पाहिले, तरी त्यांचे श्रम आपण जाणले, असे होईल.