चित्र-शब्द जोडी

चित्र आणि त्याचे नाव यांची जोडी लावत लहान मुलांचा शब्दसंग्रह वाढवण्याची रीत. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसच्या १६५८ मधील सचित्र पाठ्यपुस्तकाने तिला जगभर वळण दिले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी बोर्डी (१९४५) व पुढे कोसबाड येथे शंखशिंपले, पाने, बिया अशा परिसरातल्या वस्तूंवर बालशिक्षण उभारले. आधी वस्तू हातात, मग चित्र, शेवटी शब्दपट्टी, हा क्रम त्या विचाराशी जुळणारा. माँटेसरी पद्धतीतला पाठ तीन पायऱ्यांचा असतो: ‘हा कांदा’, ‘कांदा दाखव’, ‘हे काय?’. मधली पायरी घाईने गाळू नये. कारण मूल शब्द बोलण्याआधी तो ओळखू लागते.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात या रीतीला वेगळे मोल आहे. कारखान्यांतल्या कामासाठी मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुले येथील अंगणवाड्या-बालवाड्यांत शेजारी बसतात. बटाट्याच्या एकाच चित्रावर एक मूल ‘बटाटा’ म्हणते, दुसरे ‘आलू’. दोन्ही बरोबर मानावेत; घरचा शब्द पुसून नवा शब्द रुजत नाही.

चित्रांची निवडही महत्त्वाची. रूढ तक्त्यातला ‘ऐ’ ऐरणीचा आणि ‘औ’ औताचा. चाकण कांदा-बटाट्याची जुनी बाजारपेठ, तरी कामगार वस्तीतल्या मुलाने औत पाहिलेले असेलच असे नाही. त्याच्या ओळखीचे टेम्पो, क्रेन, कंपनीची बस, डबा. सुरुवात तिथून करावी. औत मागाहून, गोष्टीतून दाखवावे.