गंज पेठेचं पाणी

रविवारी सकाळी जुनं पुणं बघायला माणसं येतात. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग. वाड्यांचे सागवानी खांब बघतात, फोटो काढतात, मिसळ खाऊन घरी जातात. जुनं लाकूड मलाही आवडतं, त्याबद्दल भांडण नाही. पण ही माणसं पूर्वेला, गंज पेठेकडं, क्वचितच वळतात. म्हणून आमची पेठ मीच दाखवतो. वाटेत थोडं कडू लागेल. इलाज नाही.

आम्हा गिरणीवाल्यांना गंज म्हटलं की लोखंडावर चढतो तोच आठवतो. पण गंज म्हणजे कोठार, बाजार, माल उतरवायची जागा. माल आला की हमाल आला, गाडीवान आला. सरकारी कागदावर आता या पेठेचं नाव महात्मा फुले पेठ आहे. तोंडात अजून गंज पेठच आहे. जोतीबांना त्याचा राग आला नसता.

इतिहास मी शाळेत शिकलो नाही. आठवीत शाळा सुटली. मी कागदाच्या गिरणीत कामाला आहे, मुंढव्याच्या पुढं. रद्दीचे गठ्ठे फोडून लगद्याच्या हौदात टाकायचे. एके दिवशी गठ्ठ्यातून एक बिनकव्हराचं पुस्तक निघालं. आणखी दोन मिनिटांत त्याचा लगदा झाला असता. ते 'शेतकऱ्याचा असूड' होतं. लेखक कोण, तर आमच्या गल्लीतल्या वाड्यात राहणारा माणूस! मी लहानपणी त्या वाड्याच्या भिंतीवर चेंडू मारत होतो. तेव्हापासून गठ्ठा फोडताना आधी वाचतो, मग टाकतो. मुकादम ओरडतो. ओरडू दे.

तर पाण्यापासून सुरू करू. नानासाहेब पेशव्याच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून नळ आणला. पंप नाही, वीज नाही. नुसत्या उतारावर पाणी शहरात खेळवलं. पाईप जोडणाऱ्या माणसाला ती करामत कळते. ज्यांनी बांधलं त्या गवंड्यांना, बेलदारांना माझा सलाम. शहरात हौद भरले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. त्यातले बरेच बुजले. फडके हौदाचं नाव आता चौकाला उरलंय.

पण त्या भरलेल्या हौदांना आपल्या माणसाचा हात लागायचा नव्हता. हौद फुटला तरी चालेल, बाटता कामा नये. पाण्याचंच कशाला, रस्त्याचं बघा. १८५५ साली जोतीबांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीनं एक निबंध लिहिला. वय चौदा. तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती लिहिते, बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. चौदा वर्षांच्या पोरीनं हे कागदावर मांडलं. आज त्याच गुलटेकडीवर मार्केट यार्ड आहे. माझ्या बापानं तिथं वीस वर्षं हमाली केली. त्याच्या पाठीखालच्या जमिनीनं काय बघितलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आता तालमीची गोष्ट ऐका. जिथं तालमीपुढून जायची बंदी होती, त्याच शहरात लहुजी वस्ताद साळव्यांनी तालीम चालवली. मांगाचा वस्ताद. १७९४ चा जन्म, १८८१ साली गेले. दांडपट्टा, निशाणबाजी शिकवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांत एक माळ्याचा पोर होता, जोती फुले. पुढं याच जोतीच्या शाळेसाठी लहुजींनी मांग-महारांची पोरं गोळा केली. त्यांच्या नावाची तालीम गंज पेठेत आजही आहे. संध्याकाळी पोरं जोर-बैठका मारतात. माझी छाती भरली नाही कधी, पण उंबऱ्याला हात लावून पुढं जातो.

शाळा तर तुम्हाला ठाऊकच. १८४८ साली बुधवारातल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा, १८५१ ला रास्ता पेठेत, १८५२ ला वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवारात. सावित्रीबाई याच गल्ल्यांतून चालत गेल्या. शेण-चिखल कुठं कुठं पडला असेल त्याच्या पाट्या लावल्या, तर हेरिटेज वॉकवाल्यांना वाटेल हा वेगळाच नकाशा आहे. शेजारीच आमचा मोमीनपुरा. १८५६ साली सावित्रीबाईंनी माहेराहून जोतीबांना जे पत्र लिहिलं, त्यात फातिमाचं नाव येतं. आपल्यामागं तिला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव. या एका ओळीत मला आमची गल्ली दिसते.

१८६३ साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. ठराव नाही, मोर्चा नाही. आपल्या अंगणातलं पाणी, या आणि भरा. महाडचं चवदार तळं १९२७ चं. त्याच्या एकोणसाठ वर्षं आधी या पेठेत आपल्या माणसाची घागर बुडाली. तो आवाज मला ऐकू येतो. पुण्यात हौदांची नावं चौकांना दिली गेली. या हौदाच्या नावाचा बसस्टॉप मी तरी बघितला नाही.

हाच माणूस १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचा सभासद होता. मरताना त्यानं एवढंच मागितलं, की मला जाळू नका, घरामागं मिठात पुरा. खड्डा खणून तयार होता. १८९० च्या नोव्हेंबरात तो गेला, तर वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही. शेवटी अग्नीच द्यावा लागला. टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. अस्थी तेवढ्या अंगणात आल्या. आपल्याच अंगणात त्याला साडेतीन हात जागा मिळाली नाही. सात वर्षांनी प्लेग आला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगनं त्या गेल्या. मी मुंढव्याला रोज बसनं जातो. बस तुंबली की चिडतो, मग ती पाठ आठवते, गप बसतो.

आता आजचं. पहाटे पाचला नळ येतो. हंडे, कळशा, ड्रम. आमची आई, मोमीनपुऱ्यातली चाची, कोपऱ्यावरची माळीण, सगळ्या एका रांगेत. नंबरावरून भांडतात, एकमेकींच्या सात पिढ्या काढतात. जात काढत नाहीत. चाचीचा गुडघा दुखतो म्हणून तिचा हंडा आई उचलते. ११ एप्रिलला जोतीबांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची. चार दिवस पेठ झोपत नाही. लोक जुन्या पेठेचं सौंदर्य विचारतात. माझं हेच आहे. खांबावर कोरलेलं नाही, नळावर उभं आहे.

आणि याच गल्लीत आता एक बेत आहे. फुलेवाडा आणि सावित्रीबाईंचं स्मारक जोडायचं, मधली घरं ताब्यात घ्यायची, मोठं स्मारक करायचं. भिडेवाड्याचं काय झालं ते बघितलं. वर्षानुवर्षं खितपत पडला, कोर्टात अडकला, डिसेंबर २०२३ मध्ये रातोरात पाडला. तिथं स्मारक व्हायलाच पाहिजे होतं. इथंही व्हावं. जयंतीला गल्लीत मुंगी शिरत नाही, लांबून आलेली माणसं उन्हात उभी राहतात. मी काय स्मारकाच्या आड येणार? त्या पुस्तकानं मला माणूस केलं.

पण आमची खोली त्या मधल्या घरांत आहे. भाड्याची. मालकाला पैसे मिळतील, भाडेकरूला कुठं टाकतील? शहराबाहेर सातव्या मजल्यावर? मग पहाटेच्या रांगेत कोण उभं राहणार? आईला विचारलं. ती अंगठेबहाद्दर. म्हणाली, "जोतीबानं आपलं अंगण लोकाला दिलं. लोकाचं अंगण त्यानं मागितलं न्हाई."

म्हणून मागणं साधं आहे. आधी घर द्या, याच पेठेत द्या, भाडेकरूलाही मोजा, मग हातोडा घाला. आणि स्मारकात पुतळ्याच्या आधी एक नळ बसवा. चोवीस तास पाण्याचा, कुणालाही भरता येईल असा. उद्घाटनाला मंत्री नको. चाचीचा हंडा पहिला लागू दे.