मोजणारा कोण? क्वांटममधला पेच आणि चैतन्य

निवृत्तिनाथांची समाधी इथून तीसेक किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरला. त्यांच्या धाकट्या भावाने, ज्ञानदेवांनी, ‘चांगदेव पासष्टी’त द्रष्टा, दृश्य आणि दर्शन यांचा विचार मांडला. त्यामुळे नाशकात क्वांटमवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो: ‘म्हणजे आपला वेदान्त विज्ञानानं सिद्ध केला ना?’

पुरावा म्हणून पहिलं नाव येतं श्रोडिंगरचं. त्याला वेदान्ताची मनापासून ओढ होती. त्याबद्दलचं लेखन त्याने १९२५ साली केलं, आणि त्याचं प्रसिद्ध समीकरण आलं १९२६ मध्ये. ‘बघा, तिथूनच सुचलं!’ असं काही जण म्हणतात. पण समीकरणाची वाट द ब्रॉयच्या लहरींवरून जाते. शिवाय हाच श्रोडिंगर १९५८ च्या ‘माइंड अँड मॅटर’मध्ये बजावतो, की निरीक्षण करणारं मन ही भौतिक वस्तू नव्हे, ते कणांवर परिणाम करत नाही.

मग चैतन्य भौतिकशास्त्रात शिरलं कुठून? एका खऱ्या फटीतून. समीकरणात कणाच्या अनेक शक्यता एकदमच नांदतात. मोजायला गेलं की उत्तर एकच मिळतं. मधे काय घडतं? १९३२ मध्ये फॉन नॉयमनने दाखवलं, की ‘इथे मोजणी झाली’ ही रेघ यंत्रापाशी ओढा, डोळ्यापाशी ओढा, नाहीतर मेंदूपाशी, गणित अडत नाही. विग्नरने १९६१ मध्ये ती थेट जाणिवेपाशी नेली. पुढे १९७० मध्ये त्से या जर्मन शास्त्रज्ञाने लक्ष वेधलं, की मोठी वस्तू भोवतालापासून कधीच सुटी नसते. हवा, प्रकाश तिला सतत ‘मोजत’च असतात. विग्नरने अखेर आपलं मत सोडलं.

आता बघा, ज्ञानदेवांचं म्हणणं आपण विग्नरच्या खांद्यावर ठेवलं असतं, तर विग्नर बाजूला झाल्यावर त्याचं काय झालं असतं? ते तिथे ठेवायची गरजच काय, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

फट मात्र बुजलेली नाही. अनेकांतून एकच उत्तर का, हे त्सेच्या मार्गानेही सुटत नाही. मुंबईत टीआयएफआरचे तेजिंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या प्रश्नावरचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी, की शक्यता आपोआपच कोसळतात; वस्तू मोठी तितक्या लवकर, कुणी बघो न बघो. पेनरोझने उलट दिशा धरली: गुरुत्वामुळे होणाऱ्या अशाच कोसळण्यातून जाणीव निर्माण होते. टेगमार्कने २००० मध्ये हिशेब केला, की मेंदूच्या ऊबदार, ओल्या गर्दीत असल्या अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापलीकडे टिकत नाहीत. यावर वाद झाला, अजून चालू आहे. २०२० मध्ये इटलीत ग्रान सासो डोंगराखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या आडोशाला, जर्मेनियमच्या शोधकाने त्या कोसळण्यातून निघू शकणारे अगदी क्षीण किरण शोधले. जेवढे अपेक्षित होते तेवढे सापडले नाहीत, आणि गुरुत्वाच्या कल्पनेचं सर्वांत साधं रूप बाद झालं. बाकीच्या रूपांची तपासणी अजून व्हायची आहे.